खिदी आणि हसायला बंदी असलेली खोली

माझ्या लग्नाच्या एकाही फोटोत माझी नणंद धड आलेली नाही. सगळे ओळीत उभे, चेहरे नीट, आणि कडेला धूसर असं काहीतरी. ती हसत होती. फोटोवाला हात जोडून म्हणाला, "ताई, फक्त एक सेकंद," तर तिला नेमकं त्या 'एक सेकंद'चंच हसू आलं. खिदीखिदी हसते म्हणून घरात, गल्लीत, शाळेत, सगळीकडे ती खिदीच. माझे सासरे रागावले की म्हणायचे, "खिदे, पुरे!" आणि त्या 'पुरे'वर ती आणखी पाच मिनिटं काढायची.

ती कुणाला हसायची नाही हं. तिला मुळात जगच गमतीचं वाटायचं. खाली पडून गोल गोल फिरणारं झाकण, वरच्या मजल्यावरच्या वकिलाची शिंक, आमच्या ह्यांचं गंभीर तोंड करून वर्तमानपत्र वाचणं. एकदा दातांच्या डॉक्टरकडे तोंड उघडून बसली असताना तिला हसू फुटलं, आणि तो बिचारा हातातलं हत्यार खाली ठेवून खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. असल्या मुलीच्या नोकऱ्या कशा टिकाव्यात? बँकेतून तर तिला लगेच घरी पाठवलं. ही आमची शिल्लक बघून हसते, अशी लोकांनी तक्रार केली होती.

"हिचं कसं व्हायचं गं?" सासूबाई मला विचारायच्या, जणू मी नवी सून म्हणजे ज्योतिषीच.

मग गावाबाहेरच्या रस्त्यावर एक औषधांचा कारखाना आहे, तिथे तिला काम लागलं. पहिल्याच संध्याकाळी ती चपला न काढता थेट स्वयंपाकघरात शिरली.

"वहिनी, रक्त पिवळं असतं!"

"काहीतरीच काय."

"अगं खरंच! लाल काढून घेतलं की मागे उरतं ते पिवळं. लिंबाच्या सरबतासारखं. त्याला प्लाझ्मा म्हणतात. लोक येतात, आरामखुर्चीत पडतात, मशीन त्यांचं रक्त घेतं, पिवळं ठेवून घेतं आणि लाल परत देऊन टाकतं. मग ते पिवळं गोठवून आमच्याकडे येतं. दगडासारखं! आम्ही बाटल्या कापायच्या आणि ते दगड मोठ्या टाकीत ढकलायचे. धडाधड आवाज होतो. इतकी मजा येते!"

सासरे दारात येऊन उभे होते. "आणि करतात काय त्याचं?"

"औषधं. बाबा, काही लोकांच्या अंगात एखादी गोष्ट जन्मापासून नसतेच. एकाचं रक्त थांबत नाही, एकाला सारखा ताप, एकाला आणखी काही. हजारात नाही, लाखात एखादा. ती गोष्ट कुठल्या झाडापाल्यात मिळत नाही, दुसऱ्या माणसातच मिळते. म्हणून हजारो माणसांचं एकत्र करायचं, त्यातून एकेक वेगळं काढायचं, आणि ज्याला जे कमी त्याला ते द्यायचं."

त्या रात्री जेवताना सासऱ्यांनी तिला स्वतःहून वाढलं, आणि असं ते कधी करत नसत.

त्या थंडगार खोलीत कानटोपी आणि जाड कोट घालून ती मजेत काम करायची. बाटल्यांवर माणसांची नावं नसत, पण तिने त्यांच्याशी ओळखी काढल्या होत्या. एखादी बाटली दुधाळ दिसली की म्हणायची, "हा बघा, येताना तळलेलं हाणून आलाय!" आणि ते खरंही असायचं म्हणे, तेलकट खाल्लं की पिवळं गढूळ होतं. कामावरची अख्खी पाळी तिच्यामुळे हसत असायची, आणि हसण्याने ऊब येते म्हणून कुणाची तक्रारही नव्हती.

तिथून तिला उचललं कासवबाईंनी. या बाई म्हणजे कारखान्यातल्या सर्वांत स्वच्छ खोलीच्या मुख्य. औषध तयार झालं, त्यातले जंतू मारून झाले, गाळून झालं, की शेवटी ते छोट्या काचेच्या बाटल्यांत भरतात, ती ही खोली. बाई तिथे इतक्या सावकाश चालत की नाव पडलं कासवबाई. त्यांनी खिदीला बाटल्या कापताना पाहिलं आणि थबकल्या. तोंड खिदळत होतं, खांदे गदगदत होते, पण हात? हात जागच्या जागी, काप जराही इकडे नाही की तिकडे नाही.

"तू माझ्याकडे ये," बाई म्हणाल्या. "फक्त तिथे हसायचं नाही."

खिदीला वाटलं, बाई गंमत करतायत. म्हणून ती हसली.

पण बाई गंमत करत नव्हत्या. माणूस हलला की अंगावरून धूळ उडते, बोलला की तोंडातून कण उडतात, आणि हसला तर विचारूच नका. त्या खोलीत हवेतले कण मोजणारं एक यंत्र भिंतीवर बसवलेलं होतं. कण वाढले की ते कोकलायचं. आत जायचं तर डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, तोंडावर मास्क, डोळ्यांवर चष्मा, हातमोज्यांवर हातमोजे. आणि कपड्याच्या बाहेरून कुठेही हात न लावता हे सगळं चढवायची परीक्षा! पोशाख घालून झाला की अंगावर ठिकठिकाणी एक मऊ चकती टेकवायची, आणि त्या चकतीवर जंतू वाढले की नापास.

खिदी पहिल्यांदा नापास झाली. मग आमच्या घरात सराव सुरू झाला. उशीचा अभ्रा डोक्यावर, आमच्या ह्यांची पॅन्ट जमिनीला न टेकवता पायात, आणि मग बैठकीच्या खोलीतून पाण्यात चालल्यासारखं चालायचं. एकदा पोस्टमन दारात आला आणि समोर अभ्रा घातलेली ही अशी तरंगत येताना दिसली. पाकीट टाकून तो जो सुटला, तो नंतर कितीतरी दिवस आमची पत्रं खालच्या मजल्यावरच ठेवून जायचा.

शेवटी ती पास झाली. आणि नवल म्हणजे तिला हसू आवरताही यायला लागलं. तोंडाने नाही, पोटाने हसायचं, असं तिने मला शिकवलंसुद्धा. मला काही जमलं नाही.

आणि मग तो दिवस उजाडला. खोलीत सहा जण, सगळे पांढरे, चिडीचूप. बाटल्या एकामागोमाग एक पुढे सरकतायत. अशा त्या शांततेत कासवबाईंचं पोट वाजलं. साधंसुधं नाही, लांबलचक, प्रश्न विचारल्यासारखं, शेवटी वर जाणारं. मग ते पुन्हा वाजलं, या खेपेला उत्तर दिल्यासारखं.

खिदी फुटली. भिंतीवरचं यंत्र कोकललं. काम थांबलं, आणि त्या वेळी तोंड उघडं असलेल्या सगळ्या बाटल्या बाजूला काढाव्या लागल्या.

चौकशी बसली. चार साहेब, लांब टेबल. कारण काय? हसू. हसण्याचं कारण काय? सगळे खाली बघायला लागले. खिदीने बाईंचं नाव घेतलं नाही. "मला असंच हसू आलं," म्हणाली. तेव्हा कासवबाई उभ्या राहिल्या आणि ताठ मानेने म्हणाल्या, "माझं पोट वाजलं. दोनदा." साहेबांपैकी एकाने तोंडावर रुमाल धरला, दुसऱ्याला ठसका लागला, आणि मोठे साहेब कपाळाला हात लावून बसले. शेवटी ठरलं ते असं: बाईंनी कामावर येण्याआधी काहीतरी खाऊन यायचं, आणि दारावर एक मोठी पाटी लावायची.

पाटी रंगवायला पेंटर आला.

उंच, किडकिडीत, खांद्यावर घडीची शिडी. पाटीचा मजकूर होता: 'या दाराच्या आत बोलू नये, धावू नये, हसू नये.' त्याने रखवालदाराला विचारलं, "हे शेवटचं कुणासाठी?" रखवालदाराने कँटीनकडे नुसती मान उडवली. तिथे खिदी साखरेच्या भांड्यात मीठ निघालं म्हणून टेबलावर डोकं ठेवून हसत होती.

पेंटर डाव्या हाताने अक्षरं काढत होता. उजवा हात सुजून टम्म झाला होता, बोटं वेगळी दिसत नव्हती. खिदी जवळ गेली. "अहो, हाताला काय चावलं?"

"काही नाही चावलं. माझ्या अंगात एक गोष्ट कमी आहे. त्यामुळे कधी हात सुजतो, कधी ओठ, कधी पोट आतून. लहानपणी पोटात दुखायचं म्हणून डॉक्टरांनी दोनदा फाडून बघितलं. दोन्ही वेळा काहीच सापडलं नाही." तो 'नये'ची मात्रा देत होता, हात न थांबवता बोलत होता. "माझ्या वडलांना हेच होतं. त्यांचा गळा सुजला, श्वासच बंद झाला. तेव्हा याला औषध नव्हतं. म्हणजे असेल कुठेतरी, आमच्यापर्यंत आलेलं नव्हतं."

खिदीने रंगाचा डबा उचलून त्याच्या डाव्या हाताजवळ धरला.

"आता आहे," तो म्हणाला. "पांढरी पावडर असते, पाणी घालून टोचून घ्यायची. थोड्या वेळात सूज उतरायला लागते. तुमच्याच इथली असते. म्हणून तर हे काम मागून घेतलं. म्हटलं, बघू तरी कुठे बनतं."

"आणि मग आज का नाही टोचून घेतलंत?"

"हाताला मी जुमानत नाही. घरात एकच बाटली आहे, ती गळ्यासाठी ठेवलीय. पुढची यायला जरा वेळ आहे."

खिदीच्या डोळ्यांसमोर त्या बाजूला काढलेल्या बाटल्या आल्या. हे तिने मला नंतर सांगितलं. कोणतं औषध होतं त्या दिवशी? तेच होतं. तिने त्याला तिथल्या तिथे सांगून टाकलं. पोट, हसू, यंत्र, चौकशी, सगळं. आणि मान खाली घालून उभी राहिली.

पेंटरने ब्रश डब्यात ठेवला. "दोनदा वाजलं?"

"दोनदा."

"दुसऱ्यांदा उत्तर दिल्यासारखं?"

आणि तो हसायला लागला. भिंतीला टेकून, सुजलेला हात वर धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. खिदी त्याच्याकडे बघतच राहिली. आपल्याइतकं हसणारा माणूस तिने जन्मात पाहिला नव्हता.

त्यानंतर ती पाटी काही केल्या पुरी होईना. आज कडा राहिली, उद्या सावली द्यायची राहिली. कासवबाई एकदा जाता जाता म्हणाल्या, "या 'हसू'ला रंगाचे अजून किती हात देणार आहात?" खिदी घरी येऊन आम्हाला रोज नवी बातमी द्यायची. आज त्याच्या हाताची सूज उतरली. आज त्याने तिला टाकीविषयी विचारलं. आज त्याने तिच्या डब्यातलं खाल्लं. "बघू, डबा दाखव," सासूबाई म्हणाल्या, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यात दुप्पट जेवण जायला लागलं.

आत जाऊन बघायची परवानगी त्याला नव्हती, पण पाहुण्यांसाठी बाहेरच्या बोळात एक काचेची खिडकी आहे. तो तिथे जाऊन उभा राहिला. आत सहा जण, सगळे सारखेच पांढरे, नाक नाही, ओठ नाही, केस नाहीत. यातली ती कोणती? त्याने एकेकीवर नजर फिरवली, आणि तिसरीपाशी येऊन कोपरापासून हात हलवला. बरोबर होतं. कसं ओळखलं, तर सगळ्यांचे खांदे स्थिर होते आणि हिचे मात्र स्थिर ठेवलेले होते, असं तो म्हणतो. खिदीने त्याच्याकडे पाहिलं. पोटातून जे काही उसळून वर आलं ते तिने दातांपाशी अडवलं, ओठांपाशी अडवलं, मास्कच्या आत गिळलं. हात बाटल्यांवर तसेच. यंत्र गप्प. पाळी संपून बाहेर आली, पोशाख उतरवला, आणि मग कपडे बदलायच्या खोलीत बाकावर आडवी पडून अशी काही हसली की कासवबाईंनी पाणी आणून दिलं.

त्याने विचारलं ते बसथांब्यावर. खांद्यावर शिडी. "मला तुमच्याशी लग्न करायचं आहे," म्हणाला. "पण आधीच सांगतो, माझं तोंड रोज एकसारखं असेल याची खात्री देता येणार नाही. आणि मुलं झाली तर त्यांच्यातही हे येऊ शकतं."

आता अशा वेळी मुलगी लाजेल, रडेल, निदान विचार करते म्हणेल. खिदी हसायला लागली. तिला 'हो' म्हणायचं होतं, पण 'हो' तोंडातून बाहेर येईना, नुसते 'हु हु हु'. पेंटरचा चेहरा पडला. तेवढ्यात बस आली. तो मान खाली घालून चढला, आणि शिडी दारात आडवी अडकली. ड्रायव्हर ओरडतोय, मागचे लोक ढकलतायत, आतून हा शिडी ओढतोय आणि बाहेरून खिदी तिचं दुसरं टोक धरून लोंबकळतेय.

"सोडा हो!" तो म्हणाला. "कळलं मला!"

"हु... हु... हो!"

"काय?"

तेव्हा खिडकीत बसलेल्या एका बाईंनी डोकं बाहेर काढून सांगितलं, "अहो, त्या हो म्हणतायत! उतरा आता, आम्हाला घरी जायचंय!"

घरात बोलणी झाली. सासऱ्यांनी विचारलं, "हा आजार बरा होतो का?" तो म्हणाला, "नाही. पण आवरता येतो." सासूबाई माझ्याकडे वळून हळूच म्हणाल्या, "आपल्या हिच्यासारखंच झालं की." विषय संपला.

लग्न नोंदणी कार्यालयात ठरलं. सकाळी आम्ही सगळे नटूनथटून पोचलो, आणि नवरदेव टॅक्सीतून उतरले ते वरचा ओठ एवढा घेऊन! उत्साहाने, दगदगीने, कशानेही सूज येते. ओठ नाकाला भिडला होता आणि एक डोळा त्याला बघायला खाली झुकल्यासारखा दिसत होता. खिदीने एक नजर टाकली, पर्समधून डबी काढली आणि आम्हा सगळ्यांना बाकावरून उठवलं. पावडरीत पाणी घातलं, बाटली तळहातांत धरून अलगद गोल फिरवू लागली. हलवायची नाही, फेस येतो म्हणे. आजूबाजूला तीन लग्नांची वऱ्हाडं, ढकलाढकली, पोरांचा गोंधळ, आणि मधोमध नवरीच्या कपड्यांत ही बाई दोन तळहात फिरवतेय, आणि तेवढा वेळ तिच्या तोंडावर हसू नाही. मी तिला तसं पहिल्यांदाच पाहिलं. एवढ्या सगळ्यात तिने त्याला सुई टोचली ती त्याला कळलीसुद्धा नसेल.

आत आमचा नंबर लागला. टेबलामागच्या अधिकारीबाईंनी ओळखपत्र पाहिलं, नवरदेवाकडे पाहिलं, परत ओळखपत्र पाहिलं.

"हे हे नाहीत."

"हेच ते," आम्ही सगळे एका सुरात.

"चेहरा जुळत नाही."

"जुळेल," खिदी म्हणाली. "थोडा वेळ द्या. उतरतोय."

"काय उतरतंय?"

"चेहरा."

अधिकारीबाईंनी चष्मा काढून पुसला. खिदीने त्यांना पाच वाक्यांत सगळं समजावलं: पिवळं, टाकी, हजारो माणसं, पावडर, सुई. बाई सज्जन निघाल्या. "बाहेर बसा. जुळला की या."

मग जे झालं ते मी आयुष्यात विसरणार नाही. बाकावर नवरदेव मधे, आणि आम्ही सगळे त्याच्या ओठाकडे टक लावून, चुलीवरच्या दुधाकडे बघावं तसे. दर थोड्या वेळाने शिपाई दारातून डोकावायचा, ओळखपत्राचा फोटो त्याच्या तोंडाशेजारी धरायचा आणि आत ओरडायचा, "अजून नाही!" बाकीची वऱ्हाडंही जमली. एक काका म्हणाले, डावीकडून उतरलाय. शेजारच्या वऱ्हाडातली नवरी म्हणाली, छे, उजवीकडून. सासूबाई म्हणाल्या, नाक दिसायला लागलं! त्याबरोबर बोळात टाळ्या पडल्या. नवरदेवाला हसू यायचं, पण ओठ ताणला की दुखायचं, म्हणून तो "हसवू नका, हसवू नका" म्हणत होता, आणि त्याच्या बोबड्या "हशवू नका"ने सगळा बोळ मुरकुंडी वळून हसत होता. शिपायाने पुन्हा फोटो धरला. डोळे बारीक केले.

"जुळला!"

आरडाओरडा असा झाला की वरच्या मजल्यावरून लोक धावत आले. साक्षीदार म्हणून मी सही केली. हसण्याने हात इतका थरथरत होता की ती सही माझी आहे हे आज कुणी मान्य करणार नाही.

बाहेर पडलो तर खिदीच्या डोक्यात वेगळंच. पलीकडच्या रस्त्यावर लोक जिथे प्लाझ्मा देतात ते केंद्र होतं. "चला," म्हणाली, "त्यांना दाखवायचंय." कुणाला, काय दाखवायचंय? पण तोपर्यंत ती लग्नासाठी आणलेला केकचा खोका घेऊन रस्ता ओलांडतही होती.

आत लांब आरामखुर्च्यांत माणसं पडलेली, प्रत्येकाच्या हाताला नळी, शेजारी घुंघुं करणारं मशीन आणि भरत चाललेली पिवळी बाटली. कुणी पेपर वाचतंय, कुणी पेंगतंय. दारातून नवरी शिरली, मागे अर्धवट उतरलेल्या ओठाचा नवरदेव, मागे आम्ही. आणि ती एकेकाच्या गळ्यात पडायला लागली! पळणार कुठे बिचारे, हाताला सुया. एका कॉलेजच्या मुलीला तिने मिठी मारली. एक शिंपीबाई होत्या, त्यांच्या कपाळाचा मुका घेतला. "हा बघा," पेंटरला पुढे ओढून ती सांगत होती, "हा तुमच्यामुळे चालता-बोलता आहे! सकाळी ओठ केवढा होता माहितीये?"

एक टॅक्सीवाला पेंटरला निरखून बघत होता. "म्हणजे तुमच्या अंगात माझं आहे?"

"असेल. हजारो जणांचं थोडं थोडं असतं."

"गाडी चालवता येते का?"

"नाही."

"मग माझं नसेल," असं म्हणून तो खुर्चीत मागे रेलला आणि त्याने केकचा मोठा तुकडा मागितला.

नर्सबाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. खिदीला तिथल्या तिथे स्वतःचंही द्यायचं होतं. "आज नाही," नर्सबाई म्हणाल्या, "पोटात काही नाही तुमच्या, आणि तुम्ही एका जागी स्थिर नाही." हे मात्र खरं होतं.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. खिदी त्याच खोलीत आहे, नव्या मुलींना शिकवते. त्यांना एक मुलगी झाली. तपासणी केली तेव्हा कळलं, तिने बापाकडून आजार घेतलाय. त्या दिवशी खिदी आमच्याकडे आली, माझ्याजवळ खूप रडली. मी तिला जवळ घेऊन बसले होते. तेवढ्यात पोरीने पाळण्यातून स्वतःच्या पायाचा अंगठा पाहिला, आणि तो काय गमतीचा वाटला कोण जाणे, ती अशी काही खदखदून हसली की तिच्या त्या एवढ्याशा अंगाला गचके बसले. खिदीने डोळे पुसत तिच्याकडे पाहिलं.

"वहिनी," ती म्हणाली, "हिच्या अंगठ्यात काय आहे गं एवढं?" आणि बघायला वाकली.